शिवन्याची पाटी

सोमवार, ३ मार्च

आजपासून बालवाडीची सकाळची शाळा. साडेसातला तेरा मुलं, आठपर्यंत एकोणीस. सभागृहाच्या पायऱ्या गार असतात तेवढ्या वेळातच बाहेरचं सगळं उरकायचं.

बाहेर जागा आहेच कुठे. देवळाच्या आवारात नानांची शिजवलेली हळद वाळत पडली आहे. वाळूच्या खड्ड्यापर्यंत जायला वाट नाही. नाना देवस्थान समितीचे अध्यक्ष, बालवाडी भरते ते सभागृह समितीचं, म्हणून आपण गप्प. मग वाळूऐवजी हळदच घेतली, एक टोपली. गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. नंतर मुलांनी खेळ स्वतःच बदलला. गड्डा म्हणजे आई, हळकुंडं तिची लेकरं, आणि प्रत्येक आईला सारखी लेकरं मिळाली पाहिजेत. नानांचीच नात शिवन्या वाटणीला बसली. "हिला एक बी न्हाई. तिच्यातले दोन काढून हिला द्या." पावणेपाच वर्षांची. अर्धा तास हलली नाही.

मदतनीस कमलमावशी मुलांचे हात धुताना म्हणाल्या, "ताई, नानाला इचारलं का?" विचारलं नव्हतं. आमचं आवार अडवताना त्यांनी मला विचारलं होतं का?

गुरुवार, ६ मार्च

हळदीचा तिसरा दिवस. आज मुलांनी मागितली नव्हती, मीच दिली. हजेरीपट, वजनाच्या नोंदी, सगळं राहिलं होतं. टोपली संपल्यावर दुसरी दिली. मुलं शांत होती, माझं काम झालं.

निवडलेली हळद कमलमावशींनी नानांच्या पोत्यात भरली. "निवडलेली पुन्हा कशाला कालवायची?" त्यांचंही खरं.

सोमवारी तो खेळ होता. आज काय होतं ते मला नीट सांगता येत नाही.

शनिवार, ८ मार्च

शीतलने व्हिडिओ काढला. नानांची सून, शिवन्याची आई. गुरुवारी घ्यायला आली तेव्हा मोबाइल धरून उभी होती, मला वाटलं लेकीचा फोटो काढतेय. आज गावाच्या ग्रुपवर: "आमच्या बालवाडीतला अभ्यास बघा." एकोणीस मुलं खाली मान घालून हळद निवडतायत, आणि मागे खुर्चीवर मी, रजिस्टरात डोकं घालून.

हे कळमनुरीहून ऑफिस करून आले ते वाचतच आले. "नानाला फुकटचे मजूर भेटले." "पुढच्या साली सोयाबीन बी काढून घ्या." "बाई मुकादम हायेत व्हय?" एकामागून एक वाचत होते. मी म्हटलं, पुरे. म्हणाले, "अजून बावीस आहेत."

शीतलला मला बदनाम करायचं होतं. सासऱ्याचीच अब्रू जाईल हे तिच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलं असेल. त्या घरात तिला कोण विचारतं?

सोमवार, १० मार्च

नाना आले. मुलं गोलात बसली होती, गोष्ट चालू होती. चप्पल घालूनच आत.

"बाई, माझ्या हळदीला हात लावायला कुनी सांगितलं तुमाला?"

म्हटलं, मुलांसमोर नको, बाहेर बोलू.

"लेकरांसमोरच बोलू. त्यांच्याकडूनच निवडून घेतली ना? गाव हसून राहिलं. म्हने नानाला बायका भेटना कामाला."

मी म्हणाले, नाना, तो खेळ होता. मोजणं, वाटणं, लहान-मोठं, हे त्यातूनच...

"खेळायला आमचं वावर हाय की. चिखलात म्हशी बी लोळतात, त्यांना कुनी बालवाडी काढून देत न्हाई."

घ्यायला आलेल्या दोन-तीन आया हसल्या. शीतल दारात होती. सासऱ्यासमोर बोलत नाही ती, आज बोलली. "दोन साल झाले बाई. तिला अ येत न्हाई. माझ्या बहिणीची पोरगी हिंगोलीत इंग्रजीत वार म्हनती. हिला इचारलं तं म्हनती मुंगळ्याला किती पाय."

सहा पाय. बरोबर सांगते ती.

मग नानांनी मुद्दा काढला. कळमनुरीचा एक जण जूनपासून इंग्रजी बालवर्ग काढायला सभागृह मागतोय. समितीपुढे अर्ज आहे. "तुमाला बी संधी देतो. पाडव्याला पाटीपूजन हाय. माझ्या नातीनं सगळ्यांसमोर पाटीवर सरस्वती काढायची. हात न धरता. काढली तं सभागृह तुमचं, मी शब्द देतो. न्हाई काढली तं जूनमधी दुसरी जागा बघा."

एकाच्या आकड्याला आकडा जोडत उभी करायची सरस्वती. पाच वर्षांच्या बोटांचं ते काम नाही. परभणीला बालविकास शिकले तेव्हापासून वीस वर्षं हेच सांगत आले. बोटं आधी माती मळतील, दोरा ओवतील, शेंगा फोडतील, मग लिहितील. नाही म्हणायला एवढं पुरे होतं.

मी म्हणाले, "काढेल."

मंगळवार, ११ मार्च

का म्हणाले? दिवसभर तेच.

मुलांसाठी, असं लिहिणार होते. जागा गेली तर ही एकोणीस मुलं त्या इंग्रजी बालवर्गाच्या बाकड्यांवर जातील, म्हणून. हे खरं आहे. पण "काढेल" म्हणताना माझ्या डोळ्यापुढे मुलं नव्हती. शीतलचं तोंड होतं.

गुरुवार, १३ मार्च

होळी. पळसाची फुलं उकळून रंग करायचा होता, मुलं आठवडाभर वेचत होती. आज सातच आली. वाटेत एका आईला विचारलं, काहून पाठवलं नाही? "रंग घरी बी करता येतो, बाई." पुढे गेल्यावर मागून हसू.

सात मुलांनी रंग केला. छान केशरी उतरला. शिवन्याने पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "गरम आतमधी हाय, वर न्हाई." मला त्याचंही कौतुक करावंसं वाटलं नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते. पेन्सिल कशी धरेल.

सोमवार, १७ मार्च

सुरुवात केली. नानांच्या घरी निरोप दिला की शिवन्याला सातलाच पाठवा. ताटात वाळू, त्यात बोटाने रेघ. हे तर आपल्या पद्धतीतलंच आहे, असं स्वतःला समजावलं. तिने एक काढला, दोन काढले, मग वाळूत डोंगर केला आणि डोंगरातून नदी. मी ताट हलवून सपाट केलं. "आधी एक काढ."

पंधरा मिनिटं ठरवली होती. पाऊण तास झाला.

मंगळवार, १८ मार्च

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "भांडण तुझं आणि नानाचं. मधी लेकरू कशाला घेतलं?"

मी म्हणाले, तुम्हाला तहसीलच्या फायलींशिवाय काही कळत नाही. मीच ताट अर्धं टाकून उठले. उद्या त्यांच्याशी बोलणार नाही.

गुरुवार, २० मार्च

वाळू सोडली, पाटी घेतली. वाळूत तिला नद्याच सुचतात.

शिवन्या पेन्सिल मुठीत धरते, खुरपं धरावं तशी. तीन बोटांत दिली की दोन आकडे नीट, तिसऱ्याला पुन्हा मूठ. बाहेर बाकीची मुलं लिंबाखाली ओरडत होती, तिचं लक्ष तिकडे. "हे काढलं की जाऊ देता का?" म्हटलं, हो. काढलं. मी म्हटलं, अजून एक ओळ.

खोटं बोलले. लहानसं होतं. पण तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शनिवार, २२ मार्च

लिहून ठेवायला हवं.

आज चौथा आकडा सारखा उलटा. सात वेळा पुसला. आठव्यांदा मी तिचं मधलं बोट पेन्सिलीवर दाबून धरलं. नुसतं धरलं नाही, दाबलं. नख पांढरं झालं. ती रडली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोडा बाई, मी काढते." आणि काढला. सुलटा. पुढचे तिन्ही सुलटे.

मला आनंद झाला. हेही लिहून ठेवायला हवं.

सोमवार, २४ मार्च

कमलमावशींनी सकाळी पाटी लपवली. शोधली तर धान्याच्या डब्यामागे. अकरा वर्षं माझ्याबरोबर आहेत, कधी उलट बोलल्या नाहीत. आज हात कमरेवर.

"ताई, तुमीच म्हनत होत्या, लेकरू काकडीच्या वेलावानी असतं, वढलं की तुटतं."

"चार दिवसांचा प्रश्न आहे मावशी."

"घरची सासू बी असंच म्हनते. चार दिवस सोस."

मी म्हणाले, पाटी द्या आणि पाणी भरायला जा. गेल्या. मुलांना खाऊ वाटताना त्यांनी शिवन्याला दोन मुठी मुरमुरे दिले, माझ्याकडे बघत.

बुधवार, २६ मार्च

शिवन्याला येते. पूर्ण सरस्वती, हात न धरता, दोनदा. तिला सुट्टी दिली, जा म्हटलं, खेळ.

खेळायला लागली तेव्हा मी खिडकीत होते. लिंबाखाली तिने धाकट्या तिघींना ओळीत बसवलं. काडी हातात. एकीच्या मातीतल्या रेघेवर पाय फिरवला. "पुन्हा काढ." त्या पोरीने काढलं. "पुन्हा." मग खाली बसून तिचं बोट धरलं. ती पोरगी किंचाळली, तशी शिवन्या शांतपणे म्हणाली, "रडली तं जाऊ देनार न्हाई."

असं मी कधी म्हटलं नव्हतं. खरंच म्हटलं नव्हतं. पण तिने ते माझ्याकडूनच घेतलं.

मी बाहेर गेले नाही. पाडव्याला चार दिवस होते.

रविवार, ३० मार्च. पाडवा

देवळात गर्दी. गुढी उभी झाली, लिंबाचा पाला-गूळ वाटून झाला. पाटाभोवती हळदी-कुंकू लावलेल्या पाट्या. नानांनी शिवन्याला मधे बसवलं. नवा फ्रॉक, केसात गजरा. कळमनुरीचा तो गृहस्थही आला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.

तिने काढली. मुठीत नाही, तीन बोटांत. एकही आकडा उलटा नाही. शेवटची रेघ झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि हात फ्रॉकखाली घेतला.

टाळ्या. नाना उठून म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. सभागृह बाईंचं." ज्या आया हसत होत्या त्या माझ्या पाया पडायला आल्या. कळमनुरीच्या गृहस्थाने फाइल बगलेत घातली. मी त्याच्याकडे बघितलं, मुद्दाम बघितलं. मग शीतलकडे.

ती म्हणाली, "शिकवलं की येतं म्हंजे. मंग दोन साल काहून वाया घालवले, बाई?"

सगळ्यांसमोर. उत्तर होतं, पण ते देण्याचा हक्क मी बुधवारीच घालवला होता, कदाचित त्याही आधी.

मंगळवार, १ एप्रिल

पटावर सव्वीस मुलं. सात नवी. सातही पाट्या घेऊन. जुन्या मुलांच्या पिशवीतही पाट्या. एकीने आठ महिन्यांचं पोरगं कडेवर आणलं होतं, "ह्याचं बी नाव घालून ठेवा."

वाळूच्या खड्ड्यात कुणी गेलं नाही. आवार आता मोकळं आहे, हळद उचलली. मी म्हटलं, चला वाळूत. एक नवा मुलगा म्हणाला, "आईनं सांगितलं हाय, कपडे मळवायचे न्हाई."

नानांचा माणूस कागद देऊन गेला. जूनपासून रोज दोन तास पाटी, महिन्याला समितीसमोर परीक्षा, खाली माझी सही. सोमवारी समितीची बैठक, त्याआधी द्यायचा. म्हणजे जागा मला मिळाली आणि त्या गृहस्थाची बालवाडीही मलाच मिळाली.

शिवन्या आली नाही.

बुधवार, २ एप्रिल

नानांकडे गेले. ओसरीवर हिशेबनीस, दोन शेजारी. म्हणाले, बोला, घरचेच हायेत सगळे.

मी सांगितलं. शिवन्याची बोटं तयार नव्हती, मी तिला रोज वेगळं बसवलं, तिचा हात धरून धरून काढून घेतलं. ते तिचं शिकणं नव्हतं, माझा हट्ट होता. कागदावर सही करू शकत नाही.

नाना हसले. "हात धरला म्हनून काय झालं? गुरू हातच धरतो की. माझा मास्तर तं छडी धरायचा." शेजारी हसले. "बाई, तुमी लई इचार करता. सही करा."

उठून आले. वाटेत समजलं की मी त्यांना सगळं सांगितलं नाही. जे ऐकून ते हसू शकतील तेवढंच सांगितलं. माझ्या जिभेने ते आपणहून निवडलं.

शनिवार, ५ एप्रिल

शिवन्या आठवडाभर नाही. आज शीतलला विहिरीवर गाठलं. तिने कळशी खाली ठेवली नाही, तशीच उभी, म्हणजे मी लवकर बोलावं.

म्हटलं, शिवन्या का येत नाही?

"घरी घेऊन राहिले मी. अ आ."

मी म्हटलं, शीतल, मी तिचं बोट दाबलं होतं. बावीस तारखेला. दुखेल इतकं.

"माहीत हाय. त्याच दिवशी बघितलं. काळं पडलं होतं नखाखाली."

"मग आलीस का नाहीस? त्या व्हिडिओसारखं टाकायचं होतं ग्रुपवर. मी उत्तर दिलं नसतं."

आता तिने कळशी ठेवली. पदर पिळत होती, पदर ओला नव्हता.

"तुमच्याशी भांडले मी, व्हय. पन तुमी गावभर सांगत फिरता, लेकराला जबरदस्ती करू नका. मीटिंगमधी सांगता, दारात सांगता. मला राग यायचा. तरी वाटायचं, ह्या बाईला कळतं. मंग बोट बघितलं आन् वाटलं, ह्यांनीच केलं म्हंजे बराबरच असंल. आता मी बी तसंच करते."

"तसंच म्हणजे?"

तिने स्वतःच्याच डाव्या हाताचं बोट धरून दाखवलं. दाबून.

मी म्हणाले, नको करूस. ती म्हणाली, "मंग कसं करू ते सांगा." टोमणा नव्हता तो. पहिल्यांदाच नव्हता. वीस वर्षांत या प्रश्नाला मी किती उत्तरं दिली असतील, चार्ट लावून, खडे-बिया दाखवून. आज म्हटलं, सोमवारी तू पण ये, तिच्याबरोबर बस. तुला मोबाइल काढायचा असेल तर काढ.

"मामंजी सोडनार न्हाईत."

कळशी उचलून गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.

रविवार, ६ एप्रिल

रामजन्माला देवळात गेले नाही. नाना भेटले असते.

नानांच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. समितीपुढे वाचायचं. तीन दिवस हळद खेळली, त्यातला तिसरा दिवस खेळ नव्हता. सतरा मार्चपासून काय केलं. बावीसला काय केलं. पाडव्याला जे पाहिलंत ते असं आलं. जूनपासून पाटी घेणार नाही. शीतलचं नाव कुठे येऊ दिलं नाही.

ह्यांनी वाचलं. म्हणाले, सभागृह जाणार, ती सात नवी मुलं जाणार, जुन्यातलीही किती राहतील सांगता येत नाही. "आणि नानाची नात तर पहिली जाईल. मग कुणासाठी केलं?" त्यांचं बरोबर असेल. कमलमावशींना दुपारी वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. शेवटी म्हणाल्या, "बोटाचं लिवलं का?"

लिहिलं होतं. पुन्हा बघितलं. "हात धरला" असं लिहिलं होतं. तेच, ओसरीवरचं.

खोडलं. "बोट दाबलं" केलं. बैठक उद्या दहाला.